अतिवृष्टीचा अभ्यास करू पाहणाऱ्या मुलीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल सावकाश वाचली. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर हवामानशास्त्राकडे वळावं का, हा तुझा पहिला प्रश्न. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातली शेतं खरवडून नेणारा पाऊस हवामान बदलामुळेच पडला ना, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पुढे देते, ते फार अवघड नाही. दुसऱ्याचं उत्तर कसं द्यायचं हे शिकण्यातच आमच्यासारख्यांची उमर जाते, म्हणून आधी तोच घेते. तो हाताळण्याची रीत तुला आवडली, तर पहिल्याचं उत्तर तुझं तुलाच मिळेल.

तुला 'हो' ऐकायचंय हे मला कळतं. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलेलं ज्याने पाहिलं त्याला कारण हवं असतं, आणि तेही लगेच. पण मी पुण्यात बसून, हिशेब न मांडता 'हो' म्हटलं, तर त्या शब्दाला काही वजन राहणार नाही. आज, या क्षणी ठामपणे सांगता येतं ते एवढं: हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं. क्लॉसियस आणि क्लॅपेरॉन यांच्या नावाचं समीकरण तू थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात सोडवलं असशील, तेच हे. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढलं. हिंदी महासागराच्या उष्णकटिबंधीय भागाचं पाणी १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एक अंशाने तापलं. दोन्ही आकडे आपल्याच पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालातले. म्हणजे पावसाला लागणारा कच्चा माल वाढलाय, यात वाद नाही.

पण अमुक दिवशी अमुक तालुक्यात पडलेल्या पावसात या वाढीचा वाटा किती, हे त्यातून आपोआप निघत नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र कुठे तयार झालं, ते कोणत्या वाटेने आत आलं, एका जागी किती रेंगाळलं, त्याच वेळी अरबी समुद्रावरून बाष्प ओढलं जात होतं का, हे सगळं त्या पावसात मिसळलेलं असतं. त्यातून माणसाचा वाटा वेगळा काढायचा म्हणजे दोन जगांची तुलना करायची. एक आजचं. दुसरं, कोळसा आणि तेल जाळून हवा तापवली नसती तर असतं ते. दोन्ही जगांत तसा पाऊस किती वेळा पडतो, आणि पडलाच तर किती जास्त पडतो, हे जुन्या नोंदी आणि संगणकी प्रारूपं (मॉडेल) यांच्या आधारे काढायचं. या कामाला ॲट्रिब्यूशन म्हणतात. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेच्या लाटेने हजारो माणसं गेली. पुढच्याच वर्षी पीटर स्टॉट, डाइथी स्टोन आणि माइल्स ॲलन यांनी दाखवलं की माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे तशा उन्हाळ्याची शक्यता बहुधा दुपटीहून जास्त झाली होती. त्यापूर्वी आमच्या क्षेत्रात ठरलेलं उत्तर असायचं, 'कुठल्याही एका घटनेबद्दल काही सांगता येत नाही.' ते उत्तर तिथे संपलं. फ्रेडरिके ऑटो आणि गेर्ट यान फान ओल्डनबोर्ग यांच्या गटाने पुढे हे काम इतकं सरावाचं केलं की आता घटनेनंतर काही दिवसांत हिशेब हाती येतो.

या गटाने भारताबद्दल काढलेली उत्तरं एकापुढे एक ठेवून बघ. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये भारत-पाकिस्तानात उष्णतेची लाट आली, उत्तरेतला गहू ऐन दाणे भरताना होरपळला. हिशेब निघाला की तापमानवाढीमुळे तशा लाटेची शक्यता सुमारे तीस पट झाली आहे. जुलै २०२४ मध्ये वायनाडला दरड कोसळली त्या दिवशीचा पाऊस सुमारे दहा टक्क्यांनी जास्त झाला होता, असं निघालं. आता ही दोन बघ. १ डिसेंबर २०१५ ला चेन्नई बुडवणाऱ्या पावसात तापमानवाढीचा हात असल्याचा पुरावा मिळाला नाही. आणि १९ मे २०१६ ला राजस्थानात फलोदीला ५१ अंश नोंदले गेले, तेव्हा सगळ्या जगाला वाटलं याहून सरळ उदाहरण कुठलं? पण नोंदी तपासल्यावर तिथल्या वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसात गेल्या काही दशकांत स्पष्ट वाढ दिसेना. हवेतल्या प्रदूषणाचे कण सूर्यप्रकाश अडवतात आणि सिंचनाचं पाणी बाष्प होताना जमीन थंड करतं, या दोन गोष्टींनी वाढ झाकली गेली असावी, असं त्या अभ्यासकांचं मत पडलं. त्याच जोडीला त्यांनी हेही नोंदवलं की हवेत ओलावा वाढला तर अंगाला बसणारा ताप उलट वाढतो.

फलोदीचा निकाल जेव्हा जेव्हा विद्यार्थ्यांसमोर ठेवते तेव्हा वर्गात थोडी नाराजी पसरते. मला मात्र तो फार मोलाचा वाटतो. ज्या लोकांनी 'पुरावा मिळाला नाही' हे छापून टाकलं, त्यांनीच नंतर 'तीस पट' म्हटलं तेव्हा त्या तीसवर विश्वास ठेवता आला. तू या कामात आलीस तर 'नाही' असं उत्तर येण्याची तयारी मनात ठेवून ये. आणि 'हो' आलं की ते कुणाच्या भीतीने पुळचट करू नकोस. सरकारला काय वाटेल, वरिष्ठ काय म्हणतील म्हणून 'कदाचित, काही अंशी, असू शकेल' अशी शब्दांची शाल पांघरणारे मी खूप पाहिले. जेवढं हाती आलंय तेवढंच सांगायचं, पण तेवढं स्वच्छ सांगायचं. या पेशात दुसरं काही शिकवण्यासारखं आहे असं मला वाटत नाही. बाकीचं सगळं पुस्तकात मिळतं.

आता मोजण्याबद्दल. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण तुझ्या वयाच्या मुलांना थेट मॉडेल चालवायचं असतं आणि पर्जन्यमापक हा शाळेच्या मैदानातला विषय वाटतो.

हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००६ चा निबंध शोधून वाच. मध्य भारतावरचा एकूण मोसमी पाऊस १९५१ ते २००० या काळात फारसा बदललेला दिसत नव्हता, म्हणून मोसमी पावसावर तापमानवाढीचा परिणाम नाही असं म्हणणारे बरेच होते. या मंडळींनी सरासरी बाजूला ठेवली आणि रोजच्या पावसाचे आकडे वेगवेगळ्या गटांत टाकले. दिवसाला १०० मिलिमीटरच्या वरचे पाऊस वाढत होते आणि मध्यम पाऊस कमी होत होते. दोन्ही एकमेकांना फेडत होते, म्हणून बेरीज जागच्या जागी. घरात एकजण उपाशी आणि दुसऱ्याला अजीर्ण झालं तरी माणशी जेवण भरपेटच निघतं, तसं. पुढे २०१७ मध्ये आयआयटीएम या पुण्यातल्या हवामान संशोधन संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने दाखवलं की मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकदम कोसळणारे अतिमुसळधार पाऊस १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढले, आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांची चढउतार त्यामागे आहे. आज हे सगळ्यांच्या तोंडी आहे. पण हे दिसलं कशामुळे? देशभरातल्या १८०३ केंद्रांवरच्या रोजच्या नोंदी हवामान खात्याने तपासून, चौकटीत बसवून दिल्या होत्या म्हणून. त्या प्रत्येक आकड्यामागे सकाळी साडेआठला छत्री घेऊन मापकापर्यंत चालत गेलेला कुणीतरी निरीक्षक आहे. निबंधात त्याचं नाव नसतं.

सकाळी साडेआठ हे लक्षात ठेव. आपल्याकडे दिवसाचा पाऊस म्हणजे काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा, आणि तो आजच्या तारखेला लिहितात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे लहान मुलंही सांगतील. पण रोजच्या नोंदीत तो आकडा २७ जुलैपुढे सापडतो. उपग्रहाच्या माहितीचा दिवस मात्र बहुधा ग्रीनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. दोन्ही फाइली तशाच शेजारी ठेवून परस्परसंबंध काढला तर संबंध नाहीच असं निघेल, आणि उपग्रहच चुकीचा आहे असा निष्कर्ष काढून कुणी मोकळंही होईल. अशीच दुसरी जागा म्हणजे शून्य. नोंदवहीत शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, आणि कोरी जागा म्हणजे कुणी मोजला नाही. संगणकात भरताना कोऱ्याचं शून्य झालं की त्या गावात कागदावर दुष्काळ पडतो. सोमवारी एकदम मोठा आकडा आणि त्याच्या आधी रविवारी शून्य असं वारंवार दिसलं, तर ढगांच्या आधी सुट्ट्यांचा विचार कर. आणि अतिवृष्टीत खुद्द मापकच अपुरा पडू शकतो. दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाचा मापक आणि आत चार लिटरची बाटली असेल, तर २०० मिलिमीटर पावसात ती काठोकाठ भरते. त्यापुढचं पाणी मोजायचं तर कुणीतरी त्या धुवाधार पावसात मध्येच बाहेर पडून बाटली रिकामी केली पाहिजे आणि आकडा टिपून ठेवला पाहिजे. २२ जुलै २०२१ च्या सुमारास चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर नोंदले गेले. असा आकडा वाचताना मला आधी मोजणाऱ्या हातांची आठवण होते.

हे काम कमी प्रतीचं समजू नकोस. ॲना मणी यांनी पुण्याच्या हवामान खात्यात ही उपकरणं देशात बनवण्याची, ती एकमेकांशी पडताळून बघण्याची शिस्त घालून दिली. आपण आज ज्या जुन्या नोंदींवर भरवसा ठेवतो त्यात त्यांच्यासारख्यांचा मोठा वाटा आहे.

तुझ्या गावाकडे तर पर्जन्यमापकाचा आकडा थेट घरात येतो. महसूल मंडळात, म्हणजे काही गावं मिळून केलेल्या महसुली गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि मग पंचनामे, मदत वगैरे पुढची चाकं फिरतात. मंडळाच्या केंद्रावर ६२ भरले आणि आठ किलोमीटरवरच्या शिवारात ओढा फुटून माती वाहून गेली, तर त्या शेतकऱ्याने कुणाकडे जायचं? वळवाचा, गडगडाटी पाऊस दोन-चार किलोमीटरमध्ये केवढा बदलतो हे तुला मी सांगायला नको. एका मंडळात पाऊस मोजायच्या जागा किती असाव्यात, एकाच आकड्याची रेघ असावी की पावसाची तीव्रता, जमिनीतला ओलावा आणि आधीच्या दिवसांचा पाऊस मिळून काही ठरावं, हे शुद्ध शास्त्राचे प्रश्न आहेत आणि त्यांच्यावर कुटुंबांची वर्षं अवलंबून आहेत. २०२३ मध्ये राज्य सरकारने सततच्या पावसालाही नैसर्गिक आपत्ती मानायचं ठरवलं. म्हणजे व्याख्या बदलू शकतात. बदलायला आधार लागतो, आणि तो आपण द्यायचा असतो. परदेशी नियतकालिकात छापून येण्यासारखा हा विषय नाही असं तुला कुणी सांगेल. तसं असलं तरी तो कर.

मुंबईच्या त्या पावसाकडे परत येते, कारण त्यात आमच्या कामाची मर्यादा आणि जबाबदारी दोन्ही आहेत. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला फक्त ७३. दोन्ही केंद्रांत सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरही अंतर नाही. जगाच्या हवामानाची नेहमीची प्रारूपं शंभर-शंभर किलोमीटरच्या चौकोनांत विचार करतात. सांताक्रूझ आणि कुलाबा त्यांच्या लेखी एकच गाव. तेव्हा मॉडेलमधून निघालेला सुबक रंगीत नकाशा कुणा महापालिकेपुढे ठेवताना त्या चौकोनाची लांबी-रुंदी आधी सांग.

मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने हा हिशेब ५० वर न्यायला सांगितला होता. २००५ उजाडलं तरी ते काम बहुतांश कागदावरच होतं. मिठी नदीचं पात्र भराव आणि बांधकामांनी आवळलं होतं. पुरानंतर माधवराव चितळे यांच्या समितीने हे सगळं तपशिलाने मांडलं आहे. तो अहवाल प्रत्येक हवामान अभ्यासकाने वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात पाऊस कुठे संपतो आणि माणसाचं वागणं कुठे सुरू होतं ते दिसतं. हल्ली नदीच्या पूररेषेत इमारती उठवायच्या, ओढे नळीत घालायचे आणि पाणी घरात शिरलं की 'हवामान बदल' म्हणून खापर फोडायचं, अशी सोय झाली आहे. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाऊस दोन वर्षं दगा देऊन गेला हे खरं, पण भूजलाचा उपसा आणि उसाखालचं क्षेत्र यांचा हिशेब न मांडता ती गोष्ट पूर्ण होत नाही. आपलं शास्त्र कुणाच्या पळवाटेसाठी वापरलं जातंय असं दिसलं तर तिथे तोंड उघडायचं. आपण गप्प बसलो की ती पळवाट अधिकृत होते.

अभियंता तुला टक्केवारी विचारणार नाही. तो विचारेल, पुलाची कमान किती उंच करू, नाला ताशी किती मिलिमीटरसाठी बांधू? त्याच्या हातात शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाचा तक्ता असतो. त्याचा अर्थ नव्याण्णव वर्षं निवांत झोपा असा लोक घेतात. प्रत्यक्षात दर वर्षी एक टक्का शक्यता. म्हणजे तीस वर्षं टिकणाऱ्या घराला तसा पाऊस निदान एकदा गाठण्याची शक्यता सव्वीस टक्के. आणि हे हवामान स्थिर धरून. हवामान सरकतंय, तेव्हा तो तक्ताच नव्याने करावा लागणार. शहराशहरांचे हे तक्ते नव्याने करणं हे पुढच्या दहा-पंधरा वर्षांतलं सर्वांत उपयोगी काम आहे असं माझं मत आहे, आणि ते करणारी माणसं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

आता शिक्षणाचं. भौतिकशास्त्र आणि गणित पक्कं असेल तर हवामानशास्त्र इथेच शिकता येतं. आयआयटींच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, जॅम, दे. पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची एम.एस्सी. आहे, कोचीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात (कुसॅट) आहे. पुढे नेट किंवा गेट देऊन आयआयटीएम, बंगळूरची आयआयएस्सी, मुंबई-दिल्लीच्या आयआयटी अशा जागी पीएच.डी. करता येते. द्रवगतिकी घाम काढते, ती टाळू नकोस. संख्याशास्त्रात टोकाच्या मूल्यांचा सिद्धांत वेगळा शिक, कारण घंटेच्या आकाराच्या वक्राचा टोकाशी उपयोग नसतो आणि आपलं सगळं काम टोकाशीच चालतं. पायथॉन येत नसेल तर या सुट्टीतच शिकून घे. यंत्र शिकवून अंदाज काढण्याची पद्धत आता सगळीकडे आली आहे आणि ती चांगली चालते. फक्त जे यंत्राने कधी पाहिलं नाही त्याबद्दल ते किती भरवशाचं आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचार. विक्रम मोडणारा पाऊस म्हणजे व्याख्येनेच पूर्वी न पाहिलेला.

नोकरीचं घरी विचारतात, ते रास्त आहे. हवामान खात्यात वैज्ञानिक सहायकाच्या जागा स्टाफ सिलेक्शनमार्फत निघतात, पण दर वर्षी नाही. विमा कंपन्या, पवन आणि सौर ऊर्जेवाले, शेतीसल्ला देणाऱ्या कंपन्या आता हवामानाची माणसं घेतात. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धर. फेलोशिपचे पैसे मधूनमधून अडकतात, तेव्हा पहिल्या वर्षीपासून दोन-तीन महिन्यांची शिल्लक बाजूला टाकत जा. आईवडिलांना हे आकड्यांनिशी सांग, उगाच गुलाबी चित्र रंगवू नकोस.

पत्रकारांचे फोन येतील, आणि नेमके आपत्तीच्या दिवशी येतील. तेव्हा तीन वाक्यं तयार ठेव: अशा घटना वाढतायत का, का वाढतायत, आणि या घटनेचा हिशेब झालाय की व्हायचाय. मराठीत बोल. आपल्या विषयाचं बरंचसं चांगलं काम इंग्रजीत अडकून पडलंय आणि मराठीत त्याची जागा व्हॉट्सॲपवरच्या भाकितांनी घेतली आहे. पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी मोसमी पावसाच्या भौतिकशास्त्रात जागतिक दर्जाचं काम केलं, आणि त्यांनीच आंध्रातल्या अनंतपूरच्या कोरडवाहू भुईमूग शेतकऱ्यांबरोबर बसून पेरणीची योग्य वेळ कोणती याचा अभ्यासही केला. शेतकऱ्याचा प्रश्न त्यांना शास्त्राच्या खालचा वाटला नाही. त्यांचे निबंध वाच, भाषाही किती नितळ आहे बघ.

मेलच्या शेवटी तू एक ओळ लिहिलीस, 'रोज एवढं वाईट वाचून तुम्हाला काही वाटत नाही का?' वाटतं. तळिये, इर्शाळवाडी ही दरडीखाली गेलेल्या वस्त्यांची नावं माझ्यासाठी नकाशावरचे ठिपके नाहीत. आदल्या दिवशीच्या पावसाचे आकडे समोर असतात आणि त्याखाली माणसं होती हे माहीत असतं. त्याची सवय होऊ देऊ नकोस. पण ओडिशाचं उदाहरण हाताशी ठेव. १९९९ च्या ऑक्टोबरातल्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ च्या ऑक्टोबरात फायलिन आलं, तेही अतितीव्रच होतं. तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले आणि बळींची संख्या पन्नासच्या आत राहिली. मधल्या चौदा वर्षांत अंदाज सुधारले होते, किनाऱ्याने निवारे बांधले गेले होते, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले होते. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत १३०० हून जास्त जादा मृत्यू झाल्याचा हिशेब डॉक्टर-संशोधकांनी मांडला, आणि २०१३ मध्ये त्या शहराने देशातला पहिला उष्माघात प्रतिबंधक आराखडा केला. आधी कुणीतरी मृत्यू मोजले होते, म्हणून आराखडा झाला. आपल्या कोकणात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा अंदाज वेळेत होता, माणसं बऱ्याच अंशी वाचली, पण नारळी-पोफळीच्या बागा पिढीभरासाठी गेल्या. अरबी समुद्रात वादळं वाढतायत हे दिसत असताना बागायतदाराला काय सांगायचं, याचं उत्तर अजून कुणाकडे नाही. तुझ्यासारख्यांकडून ते यावं अशी माझी फार इच्छा आहे.

तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नासाठी एक काम देते. कृषी खात्याच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस मिळतो. तुझ्या जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळांची जून ते सप्टेंबरची रोजची नोंद, मिळतील तितक्या वर्षांची उतरवून घे. कोरे दिवस आणि शून्याचे दिवस वेगळे कर. मग ६० ते ६५ आणि ६५ ते ७० मिलिमीटर या दोन गटांत किती दिवस पडतात ते मोज. नैसर्गिक पावसात पहिल्या गटात दुसऱ्यापेक्षा थोडे जास्त दिवस यायला हवेत, कारण जितका मोठा पाऊस तितका तो विरळ. तुझ्या नोंदीत तसं दिसतं का ते बघ. नाही दिसलं तर लगेच कुणावर संशय घेऊ नकोस. आकडे पाचाच्या पाढ्यात गोळा करायची सवयही असते, केंद्राची जागा बदललेली असते, हाताने मोजणं जाऊन स्वयंचलित यंत्र आलेलं असतं. यातलं काय काय तपासलंस तेही लिहून ठेव. त्यानंतर शेजारच्या मंडळांमध्ये एकाच दिवशी किती फरक पडतो त्याचा आलेख काढ. सप्टेंबर २०२५ चे दिवस त्यात वेगळ्या रंगाने दाखव.

जमेल तेवढं झालं की फाइल पाठव, अर्धवट असली तरी चालेल. रविवारी संध्याकाळी मी मोकळी असते, तेव्हा फोन करून बोलू. जॅमच्या अर्जाची तारीख मात्र आजच बघून ठेव.

तुझ्या आईवडिलांना नमस्कार.